सातमाळा डोंगररांगेच्या पलीकडे जाऊन परत: मातीच्या वाटांनी ४१० किलोमीटर, एकट्याने. सल्ला हवा आहे

गोदातीर:

नमस्कार मंडळी. मी नाशिकला राहतो, वय ४३ वर्षे, नोकरी बैठी. गेली पाच वर्षे नियमित सायकल चालवतो. २००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, पूर्ण केल्या आहेत. त्यांपैकी ४०० ची २७ तासांच्या मुदतीत जेमतेम पाऊण तास राखून संपली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या वकुबाविषयी कोणाचा गैरसमज राहणार नाही.

गेल्या वर्षी ग्रॅव्हल बाइक घेतली. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, परंतु टायर रुंद, गिअर हलके आणि ब्रेक डिस्कचे असतात, त्यामुळे डांबर संपून मुरूम सुरू झाला तरी उतरावे लागत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाजवळ होणाऱ्या अनबाउंड ग्रॅव्हल शर्यतीत २०१८ पासून सुमारे ५६० किलोमीटरचा एक गट असतो आणि त्यात स्वाराने स्वतःच सारे निभावायचे असते. तेथे जाण्याची ऐपत नाही. मात्र आपल्या जिल्ह्यातील पाणंद रस्ते, कालव्यांच्या कडेच्या वाटा आणि खडीचे घाट जोडत गेलो तर तसे काही घराच्या दारातून सुरू करता येईल, हा विचार डोक्यातून जात नाही.

आखलेला मार्ग असा: नाशिक, दिंडोरी, वणी, सप्तशृंगीच्या पायथ्याने अभोणा, कळवण, तेथून बागलाणात मुल्हेरपर्यंत, मग ताहाराबाद, सटाणा, देवळा, चांदवड, लासलगाव, नांदूर मध्यमेश्वर, सिन्नर आणि परत नाशिक. एकूण ४१० किलोमीटर, त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक कच्चे. वेळ ४० तास. जानेवारीचा तिसरा आठवडा धरला आहे. रात्र अंगावर ताजी असतानाच उरकावी म्हणून संध्याकाळी सहाला निघण्याचा बेत आहे. आपल्याला यात काय चुकीचे दिसते ते मोकळेपणाने सांगावे.

मुरूमवाट:

सर्वांत आधी, किलोमीटर मोजणे सोडून तास मोजायला लागा. डांबरावर तुमची सरासरी २१ किंवा २२ असेल, तर चांगल्या मुरमावर ती १५ होते, सुट्या खडीवर ११, आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या पाणंदीत तुम्ही सायकल ढकलत असता तेव्हा ती ४ असते. सरासरी काढताना लोक या शेवटच्या आकड्याला विसरतात. एका ठिकाणी दोन किलोमीटर ढकलले की अर्धा तास गेलाच, आणि तो अर्धा तास पुढे कोठेही भरून निघत नाही. ४० तासांचा हिशेब मला बरा वाटतो, पण थांबे धरून ताशी दहाच्या थोडे वर एवढीच ही गती आहे, हे लक्षात ठेवून निघा. निघाल्यावर पहिल्या ६० किलोमीटरमध्ये ती १९ दिसेल. तिच्यावर विश्वास ठेवू नका.

संध्याकाळी सहाला निघण्याशी मी मुळीच सहमत नाही. ब्रेव्हेची रात्र डांबरावर जाते. पुढे पांढरी रेघ असते आणि चहाची टपरी कोठे ना कोठे उघडी असते. कच्च्या वाटेवरच्या रात्री डोळ्यांना सतत दगड निवडावे लागतात आणि त्याने मेंदू जो थकतो तो पायांपेक्षा आधी थकतो. जानेवारीत अंधार सुमारे तेरा तासांचा. तुमच्या बेताप्रमाणे तो सगळा अंधार दिंडोरीपासून बागलाणापर्यंतच्या निर्जन भागात येतो, आणि दुसरी रात्र, झोप नसताना, पुन्हा निफाड-सिन्नरच्या उसात.

याउलट पहाटे चारला निघा. दिंडोरीपर्यंतचा भाग पायाखालचा आहे, तो अंधारात चालेल. वणीच्या पुढे उजाडेल. बागलाण दुपारी आणि सायंकाळी होईल. रात्री दहाच्या सुमारास सटाण्यात चार-पाच तास खोलीत पाठ टेकवा. पहाटे निघालात की देवळा-चांदवड सकाळी, निफाड तालुका भर दिवसा आणि सिन्नरहून घर रात्री आठपर्यंत. मार्ग तोच आणि अंतर तेच, पण निर्जन भागातला बहुतेक अंधार खोलीत निजून निघून जातो.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. सातमाळा रांग ही पाणलोटाची भिंत आहे. तिच्या दक्षिणेचे पाणी गोदावरीला आणि उत्तरेचे गिरणेला, म्हणजे अखेर तापीला जाते. तुम्हाला ही भिंत दोनदा ओलांडायची आहे, एकदा ताज्या पायांनी वणीजवळ आणि एकदा थकलेल्या पायांनी देवळा-चांदवडदरम्यान. चढाचा विचार करताना दुसऱ्या ओलांडणीलाच खरी किंमत द्या.

खोगीर:

टायर किती रुंदीचे आहेत आणि ट्यूबलेस आहेत का? असल्यास सीलंट, म्हणजे छिद्र आतून आपोआप बुजवणारा द्रव, शेवटचा कधी भरला होता?

गोदातीर:

४० मिलिमीटर, ट्यूबलेस. सीलंट गणपतीच्या सुमारास भरले होते. मुरूमवाट, पहाटेचा मुद्दा पूर्णपणे पटला. मी स्वतःच स्वतःला दोन रात्री बहाल करत होतो, हे ध्यानातच आले नव्हते.

खोगीर:

मग तुमच्या टायरांत आता सीलंट उरलेले नाही, वाळलेली साय उरली आहे. आपल्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत आटते. निघण्याच्या आठवडाभर आधी नवे भरा आणि एक फेरी मारून पाहा.

रुंदी शक्य असेल तर ४५ करा, कारण आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची असते आणि नव्याने फोडलेल्या खडीची धार टायरची बाजू चिरते. बाजू चिरली की सीलंट उपयोगाचे नाही आणि छिद्रात खुपसायचा रबरी प्लगही धरत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा कापलेला तळहाताएवढा तुकडा आतून ठिगळ म्हणून लावायला, जाड सुई आणि पक्का दोरा, आणि दोन साध्या ट्यूब जवळ असू द्या. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटांनी नव्हे, तर फडक्याने चाचपा. बाभळीचे दहा-पंधरा काटे आत मोडून बसलेले असतात, ट्यूबलेसमध्ये ते गुपचूप राहतात आणि ट्यूब घालताच सगळे एकदम हिशेब मागतात. माझ्या दोन्ही ट्यूब एकदा अशाच वीस मिनिटांत गेल्या आणि मी चांदवड तालुक्यात सात किलोमीटर पायी चाललो.

हवा पुढे ३०, मागे ३४ पीएसआयच्या आसपास ठेवून पाहा. तुमचे आणि सामानाचे वजन धरून कमी-जास्त करा. प्रेस्टा व्हॉल्व्हवर, म्हणजे आपल्या सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हवर, बसणारा पितळी अडॅप्टर अगदी लहान असतो, तो जवळ असला तर कोणत्याही पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर हवा भरता येते. साखळीचा जोड आणि मागच्या डीरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा, हेही घ्या. गावातल्या दुकानदाराचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा सराईत असतो, परंतु हा हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असल्यामुळे तो त्याच्याकडे मिळणार नाही.

निफाडचा शेतकरी:

मी सायकलवाला नाही, मुलगा चालवतो म्हणून येथे वाचतो. लासलगाव ते नांदूर मध्यमेश्वर हा भाग तुम्ही कालव्याच्या भरावावरून आखलेला दिसतो. त्याविषयी दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे, ती वाट जलसंपदा विभागाची आहे आणि कालवा सांभाळण्यासाठी आहे. आम्हीही ती वापरतो, त्यामुळे तुम्हाला कोणी हटकेलच असे नाही, पण हटकले तर वाद घालू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुटले की भरावाला पाझर लागतो, चाऱ्या म्हणजे शेताकडे जाणारे लहान पाट फुटतात आणि खालची जमीन काळी आहे. काळी माती कोरडी असताना डांबरासारखी चालते आणि ओली झाली की बैलाच्या पायाला चिकटून बैल थांबवते. तुमच्या चाकाला आणि फ्रेमला जेवढी फट असते ती शंभर पावलांत भरेल. म्हणून निघण्याआधी आवर्तन केव्हा आहे ते विचारून घ्या. पाऊस पडला नाही, म्हणजे वाट कोरडी आहे, असे आमच्याकडे नसते.

आणि एक विनंती. बांधावरून सायकल नेली तर समजू शकतो, पण फळीचे फाटक उघडले तर लावून घ्यावे. जानेवारीत द्राक्षे भरात येतात आणि रात्री राखणीला माणसे असतात. डोक्याला दिवा लावलेला माणूस बागेच्या कडेने गुपचूप जाताना दिसला तर तो सायकलस्वार असेल, असे कोणाच्या मनात येत नाही. लांबूनच आवाज द्या, 'राम राम' म्हणा.

सांजवारा:

दादांनी राखणीचे सांगितले ते अगदी खरे आहे. शेतीला वीज पुष्कळदा रात्रीची असते, त्यामुळे मध्यरात्रीही शिवारात माणसे पाणी भरत असतात. मी एकटीने २६० किलोमीटरची अशीच फेरी केली आहे आणि मला रात्री भीतीपेक्षा या माणसांचा आधारच अधिक वाटला. एका आजोबांनी विहिरीवरच्या खोलीत चहा करून दिला आणि 'घरी माहीत आहे का' एवढेच विचारले.

कुत्री मात्र खरी अडचण आहेत. हिवाळ्यात मेंढपाळांचे वाडे शेतात बसलेले असतात आणि त्यांची कुत्री आपले काम चोख करतात. वेग वाढवून निसटण्याचा प्रयत्न मुरमावर करू नये, त्यात पडायला होते. खाली उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि मेंढपाळाला हाक मारत सावकाश चालावे.

बिबट्याविषयी कोणी लिहिलेले नाही. निफाड आणि सिन्नर भागात उसाच्या कडेला अंधारात थांबू नये, विशेषतः वाकून किंवा उकिडवे बसून काही करू नये, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. पंक्चर झाले तर सायकल ढकलत वस्तीच्या दिव्याखाली आणा आणि मग काढा. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६, रुग्णवाहिका १०८ आणि पोलीस ११२. हे फोनमध्ये असतातच, तरी कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोनच बंद पडण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.

घरच्यांना लाइव्ह लोकेशन देताना एक सांगून ठेवा, की ठिपका हलत नसेल तर त्याचा पहिला अर्थ 'रेंज गेली' असा घ्यायचा. सप्तशृंगीच्या मागे आणि मुल्हेरकडे ते होणारच. किती तास वाट पाहायची आणि त्यानंतर कोणाला फोन करायचा हे आधी ठरलेले असले, की घरची माणसे जागरण कमी करतात.

पिंपळपार:

सगळे सल्ले उत्तम आहेत, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. एकट्याने कशासाठी? आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली ती दोघांनी मिळून, आणि त्यात कोणी कमीपणा मानला नाही. दोघे असाल तर पंक्चरही गप्पांत निघते.

मुरूमवाट:

पिंपळपार, प्रश्न रास्त आहे, पण उदाहरण अर्धेच लागू पडते. त्या शर्यतीत सोबत गाडी आणि चमू असतो. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि डॉ. अमित समर्थ यांनी ती सोलो पूर्ण केली, तेव्हाही खाणे, झोपेची वेळ आणि रस्ता सांगणारी माणसे मागे होती. त्यांच्या पराक्रमात त्याने काडीचाही उणेपणा येत नाही. तेथे सोलो म्हणजे पेडल एकाने मारायचे. येथे एकट्याने म्हणजे निर्णयही एकट्याने घ्यायचे, आणि सारी गंमत व सारा धोका तेथेच आहे.

दोघे असताना एकाचे डोके चालेनासे झाले तर दुसरा म्हणतो, 'बस कर, चहा घेऊ.' एकट्याला हे म्हणणारा कोणी नसतो. वीस तासांनंतर माणूस मूर्ख होतो, आणि आपण मूर्ख झालो आहोत हे कळण्याइतकीही बुद्धी त्याला उरत नाही. म्हणून त्याच्या वतीने शहाण्या माणसाने, म्हणजे घरी टेबलाशी बसलेल्या तुम्ही, आधीच निर्णय लिहून ठेवायचे. मी हँडलच्या पिशवीवर एक कागद चिकटवतो. त्यावर तीन-चार ठिकाणे आणि प्रत्येकापुढे एक वेळ. त्या वेळेनंतर तेथे पोहोचलो तर पुढची कच्ची वाट सोडायची आणि डांबराने घर गाठायचे. तेथे विचार करायचा नाही, कागद वाचायचा. तुमच्या मार्गावर हे सोपे आहे, कारण कळवण, सटाणा, चांदवड, निफाड अशी गावे आहेत. एसटीत सायकल घेतील याचा भरवसा धरू नका. कांद्याची पिकअप हात केला तर बहुधा थांबते.

पिंपळपार:

कागदाची कल्पना पटली. तरीही मी दोघांनीच जाईन.

खोगीर:

खाण्याचे राहिले. तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि एका केळ्यात ती सुमारे २५ असतात, म्हणजे केळ्यांवर ४० तास निघणार नाहीत. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि गुळाच्या दशम्या हे मी नेतो. दशमी दोन दिवस टिकते आणि पिशवीत चुरत नाही. थंडीत तहान लागत नाही, म्हणून घड्याळ पाहून पाणी प्या आणि त्यात मीठ असू द्या. नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते आणि त्याचे चक्कर-मळमळ हे लक्षण लोकांना पाणी कमी पडल्याचे वाटते, मग ते आणखी पाणी पितात. मिसळीचा मोह परतल्यावर पुरवा. नाशिककराला हे सांगणे अवघड आहे, पण वणीच्या चढावर तर्री पुन्हा भेटायला येते.

बोटे बधिर होऊ लागली तर दुर्लक्ष करू नका. मुरमाच्या कंपनाने तळव्याच्या करंगळीकडील शीर दाबली जाते आणि ती बधिरता काही वेळा आठवडे टिकते. हँडलवर दुहेरी टेप गुंडाळा आणि दर दहा मिनिटांनी पकड बदला.

गोदातीर:

सर्वांचे आभार. सीलंट बदलले, ४५ चे टायर मागच्या फटीत बसत नाहीत म्हणून पुढे ४५ आणि मागे ४२ घातले. कागद तयार केला: कळवण सकाळी ११, सटाणा रात्री ११, चांदवड सकाळी १०, नांदूर मध्यमेश्वर दुपारी ३. शनिवारी पहाटे निघतो.

गोदातीर (नऊ दिवसांनी):

परत आलो. उशिरा लिहितो आहे, कारण उजव्या हाताच्या दोन बोटांना टंकलेखन नको होते. खोगीर यांचे शब्द रोज आठवत होते.

पहिला दिवस मुरूमवाट यांनी सांगितल्याप्रमाणे गेला. दिंडोरीपर्यंत सरासरी खरोखरच १९ दिसली आणि मला वाटले, की हे लोक उगाच घाबरवतात. वणीच्या पुढे उजाडले, मार्कंड्या आणि सप्तशृंगी यांच्या कड्यांवर ऊन आले आणि त्याच वेळी खडी सुरू झाली. नव्याने पसरलेली, रोलर न फिरवलेली. नऊ किलोमीटरला सव्वा तास. कळवणला ११ ऐवजी १०.५० ला पोहोचलो, म्हणजे कागद जेमतेम खूश होता.

बागलाणाविषयी किती लिहावे. मुल्हेरकडे जाताना दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येत जातात, मोसम नदीचे पात्र डावी-उजवीकडे खेळत राहते आणि वाट अशी घट्ट मुरमाची आहे की चाकाचा आवाज एका लयीत येतो. तीन तास मी कोणाशी बोललो नाही. पिंपळपार यांच्या प्रश्नाचे उत्तर मला शब्दांत देता येणार नाही, पण ते त्या तीन तासांत होते. १६७० मध्ये सुरतेहून परतणारे महाराजांचे सैन्य बागलाणातूनच उतरून वणी-दिंडोरीकडे आले आणि कांचनबारीत मोगलांशी गाठ पडली. घोड्यांनाही ही रांग बारीतूनच ओलांडावी लागली. आपल्याकडे खिंडीला बारी म्हणतात, आणि रांग दोनदा ओलांडल्यावर हा शब्द पायांना कळतो.

सटाण्याला १०.२० ला पोहोचून साडेचार तास झोपलो. पहाटे थंडी अशी होती, की ब्रेकच्या दांड्या बोटांना ओळखत नव्हत्या. भावडबारी चढून चांदवडला ९.१५. येथे सीलंटने दोन काटे पचवल्याचे टायरवरच्या ओल्या ठिपक्यांवरून कळले. मी थांबलोही नव्हतो.

आणि मग कालवा. आवर्तनाची चौकशी मी केली होती. पाणी बुधवारी सुटणार असे कळले होते, आणि मी रविवारी जाणार होतो. बुधवारी सुटलेले पाणी रविवारी वाहतच असते, हा साधा हिशेब मी केलाच नाही. 'आधी सुटले असेल तर प्रश्न नाही' असे काहीतरी मनाशी धरले होते. लासलगाव सोडल्यावर पहिले काही किलोमीटर भराव उत्तम होता. नंतर एका चारीच्या तोंडाशी वाट ओली दिसली, पुढे कोरडी दिसत होती, म्हणून शिरलो. शंभर पावले लागली नाहीत, साठ पुरली. मागचे चाक फिरेना, डीरेलर मातीचा गोळा झाला. काठीने माती काढायची, दहा पावले जायचे, पुन्हा काढायची. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. मातीसकट तिचे वजन किती झाले असेल ते शेतकरीदादांच्या बैलालाच विचारावे. दीड किलोमीटरला दोन तास दहा मिनिटे गेली. हँगर वाकला, पण मोडला नाही.

नांदूर मध्यमेश्वरला ४.४० वाजले. जलाशयाच्या कडेने पक्षी पाहायला आलेल्यांच्या गाड्या लागल्या होत्या आणि मी पिशवीवरचा कागद वाचत होतो. दुपारी ३. पाय ठीक होते, दिवा भरलेला होता, सिन्नर समोर होते. मनाने दहा मिनिटे फार उत्तम वकिली केली. मग सांजवारा ताईंनी लिहिलेला उसाचा परिच्छेद आठवला आणि वाकलेल्या हँगरसह त्या उसात थांबावे लागले तर काय, हा विचार आला. डांबराने निफाड मार्गे घरी आलो, आठ वाजण्यापूर्वी. एकूण ३६७ किलोमीटर.

पिंपळपार:

अभिनंदन. पण मग हे पूर्ण झाले असे धरायचे का?

गोदातीर:

नाही. ४१० आखले होते, ३६७ झाले. अपूर्ण आहे. मार्गाची फाइल मागणाऱ्या दोघा-तिघांना पाठवली आहे, त्यात कालव्याचा तो तुकडा काढून बाजूचा गावरस्ता घातला आहे.

मुरूमवाट:

कागदावरच्या वेळेत एक दुरुस्ती करा. चांदवडला तुम्ही पाऊण तास लवकर होतात, म्हणजे तेथे खरेतर अधिक बसायला हवे होते. ओल्या वाटेत शिरण्याचा निर्णय ३१ व्या तासाचा आहे, आणि पोटभर खाल्लेल्या माणसाने तो बहुधा घेतला नसता. चांदवडला काय खाल्ले होते?

गोदातीर:

अर्धी दशमी आणि चहा. वेळ वाचवला असे वाटले होते.

निफाडचा शेतकरी:

तो तुकडा मला माहीत आहे. चारीचे दार गळते, आम्ही दोनदा अर्ज दिले आहेत. तुमच्या चाकांच्या आणि बुटांच्या खुणा सोमवारी पाहिल्या, मुलाला म्हटले, हेच ते. आवर्तन या आठवड्यात बंद होईल, त्यानंतर वाफसा यायला, म्हणजे जमीन चालण्याजोगी सुकायला, आठ-दहा दिवस लागतील. तोवर गावरस्त्यानेच जावे. वाफसा आला की येथे कळवतो.

गोदातीर:

कळवा दादा. हँगर नवा मागवला आहे, तो तोवर येईल.